बॉस्टनहून आलेले बूट

फळीतून खिळा उपटल्याचा आवाज आधी येतो, मग वास. पाइनचं लाकूड, समुद्राच्या हवेचा कुबटपणा आणि त्याखाली कुठंतरी वाळवलेली सफरचंदं. तू सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकून बसली आहेस. घागऱ्याचा घेर भोवती पसरलाय आणि त्याच्या काठाला धुळीची पट्टी उमटलीय. शिपाई पहारीनं दुसरी फळी उचकटतो. तुझी तिन्ही मुलं पेटीच्या कडेला हात टेकून आत डोकावतात. त्यांच्या मागं, दाराच्या चौकटीला टेकून, आया उभी आहे.

साल १८५२. नोव्हेंबर महिना. गाव अहमदनगर, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. आगगाडी इथं पोचायला अजून सव्वीस वर्षं आहेत. व्हरांड्यातून पूर्वेकडं पाहिलंस तर लांब डोंगरावर सलाबतखानाची कबर दिसते. गावातले लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात आणि पुढंही तेच म्हणत राहणार आहेत. भिंगारच्या छावणीत इंग्रजांची पलटण आहे, पण तू इंग्रज नाहीस. हे गावात कुणाला सांगून पटत नाही. गोरी ती मडमसाहेब, एवढंच त्यांना ठाऊक.

तू मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतकऱ्याची लेक. वय एकतीस. न्यू इंग्लंडमधल्या असंख्य मुलींसारखं तूही लहानपणी हॅरिएट न्यूवेलचं चरित्र वाचलंस. ती १८१२ साली नवऱ्याबरोबर हिंदुस्थानात यायला निघाली होती. कंपनी सरकारनं तिला कलकत्त्यात राहू दिलं नाही. मूल समुद्रावर जन्मलं आणि समुद्रावरच गेलं, आणि ती स्वतः मॉरिशसला वारली, एकोणिसाव्या वर्षी. ते पुस्तक वाचून मुली घाबरायला हव्या होत्या. झालं उलटंच. तुझं लग्न ठरलं तेव्हा वराची आणि तुझी ओळख काही आठवड्यांची होती, आणि लग्नानंतर महिन्याभरात तू जहाजावर होतीस. नवरा अमेरिकन बोर्डाचा मिशनरी. त्या बोर्डाची पहिली माणसं १८१३ साली मुंबईत उतरली आणि १८३१ पासून नगरला त्यांचं ठाणं आहे. तू आलीस त्याला नऊ वर्षं झाली. चार मुलं झाली. तीन इथं पेटीभोवती आहेत.

पेटीतून आधी गोधडी निघते. तिच्या प्रत्येक चौकोनात शाईनं एकेका बाईचं नाव लिहिलंय. माहेरच्या चर्चमधल्या बायकांनी मिळून शिवलेली. तू एकेक नाव बोटानं वाचतेस. यातल्या दोघी आता हयात नाहीत हे तुला मागच्या पत्रातून कळलंय, पण त्यांचे टाके ताजे आहेत. मग फ्लॅनेलचे परकर, सुयांची पाकिटं, मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक, सफरचंदांची पिशवी. आणि तळाशी, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले, थोरल्याचे बूट.

त्या बुटांचा हिशेब मी तुला सांगते, कारण तू तो आत्ता मनात करणारच आहेस. गेल्या वर्षी मे महिन्यात तू थोरल्याचा पाय कागदावर ठेवून शिसपेन्सिलीनं भोवती रेघ ओढलीस. तो कागद पत्रात घालून मुंबईला पाठवलास. तिथून आगबोटीनं सुएझ, वाळवंट ओलांडून भूमध्य समुद्र, मग इंग्लंड, मग बॉस्टन. अडीच-तीन महिने. बायकांनी पेटी भरायला हिवाळा घेतला. पेटी जड, म्हणून ती शिडाच्या जहाजानं, आफ्रिकेला वळसा घालून आली. चार-पाच महिने ते. मुंबईच्या बंदरात पडून राहिली, पावसाळा संपेपर्यंत थांबली आणि मग बैलगाडीनं घाट चढून इथवर. दीड वर्ष. सहा वर्षांच्या पायाचे बूट साडेसात वर्षांच्या पायाला आले आहेत, आणि तो पायही असा, की अनवाणी हिंडून रुंद झालेला, टाचा भेगाळलेल्या.

थोरला बूट चढवायचा प्रयत्न करतो. अंगठा अडतो. तो मान वर करतो, आणि तुझ्याकडं न बघता तुझ्या डोक्यावरून दाराकडं बघत म्हणतो, "आया, ह्ये मला व्हत न्हाईत."

हातातली गोधडी तू तशीच धरून ठेवतेस.

तुला मराठी येतं. पंतोजींसमोर वर्षभर बसून, ‘ळ’ आणि ‘ण’साठी जीभ टाळ्याला घासून तू ते शिकलीस. मोल्सवर्थसाहेबाचा कोश तुझ्या मेजावर आहे. रविवारी तू बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवतेस आणि त्या ऐकतात. पण तुझं मराठी पुस्तकातलं आहे, प्रत्येक अनुस्वार जागेवर. तुझ्या मुलाचं मराठी आयाच्या तोंडातलं आहे. त्याला ते कुणी शिकवलं नाही. ताप आला की तो मराठीत कण्हतो. झोपेत मराठीत बोलतो. आकडे मोजताना बोटं दुमडत एक, दोन, तीन म्हणतो आणि तू बघतेयस असं दिसलं की थांबून इंग्रजीत पहिल्यापासून सुरू करतो.

माझं माहेर नगरचं, आणि माझी लेक गेली चौदा वर्षं न्यू जर्सीत आहे. तिचा मुलगा झोपेत इंग्रजी बोलतो. तिनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज जरा बारीक झाला होता. तुला त्या खोलीत नेऊन बसवायचं मला सुचलं ते तिथून.

तर दिवस पुढं सरकू दे. नवरा घरात नाही, थंडी पडली की तो तंबू घेऊन गावोगाव दौऱ्यावर जातो. घर, शाळा, औषधं आणि हिशेब तुझ्याकडं. भिस्ती पखालीतून रांजण भरतो. पाणी तू उकळून घेतेस, निदान मुलांपुरतं. पलंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे आहेत, नाहीतर मुंग्या रात्रीत बाळापर्यंत पोचतात. पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागलीय आणि तू दर शनिवारी एकेक पुस्तक काढून झटकतेस. सकाळी गेटाशी माणसं बसलेली असतात. कुणाला एरंडेल, कुणाला कोयनेल, कुणाचं गळू. तू डॉक्टर नाहीस, पण इथं दुसरं कुणी नाही. पटकीची साथ आली की तू मुलांना बाहेर सोडत नाहीस, आणि स्वतः मात्र जातेस.

जवळच मिस फॅरार यांची मुलींची शाळा आहे. सिंथिया फॅरार न्यू हॅम्पशरच्या. १८२७ साली त्या एकट्या, बिनलग्नाच्या, मुंबईत आल्या. तोपर्यंत अमेरिकेतून अविवाहित बाई अशी समुद्रापार मिशनच्या कामाला क्वचितच पाठवली जाई. चार वर्षांपूर्वी, १८४८ साली, पुण्याचे एक तरुण गृहस्थ, जोतीराव फुले, ही शाळा बघून गेले आणि परत जाऊन त्यांनी काय केलं ते तुलाही माहीत आहे, मलाही. पण आत्ता, १८५२ च्या या सकाळी, तुझ्यासाठी मिस फॅरार म्हणजे सुईदोऱ्याचा डबा मागायला येणारी शेजारीण आहे. मुलं नसलेली, त्यामुळं रात्रीची झोप पुरी झालेली. तुला कधीकधी तिचा हेवा वाटतो.

पुढच्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. तू लाल भोपळा चिरायला घेतेस. माहेरी याच दिवसांत शेतात भोपळे पडलेले असत. इथला भोपळा अधिक पाणचट, म्हणून तू तो शिजवून फडक्यात पिळतेस. मेपलच्या पाकाच्या जागी गूळ, वर सुंठ आणि जायफळ, म्हशीचं घट्ट दूध, चार अंडी. कडेचं पीठ गव्हाचं, कारण ज्वारीचं पीठ लाटायला गेलीस तर तुटतं, त्याला चिकटपणा नाही. ते हातावर थापायचं पीठ आहे आणि तुला अजून थापता येत नाही. भट्टी म्हणजे लोखंडी भांडं, खाली निखारे, झाकणावर निखारे. तासाभरानं झाकण उचलल्यावर जो वास येतो तो अगदी तुझ्या आईच्या स्वैपाकघरातला आहे. तू डोळे मिटतेस. मुलं मात्र दोन घास खाऊन उठतात. थोरला मागच्या दारी आयाजवळ जाऊन बसतो, तिच्या भाकरीचा तुकडा ठेच्याला लावून खातो आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी दुसरा मागतो.

आयाबद्दल थांबून बोलायला हवं.

ती गावकुसाबाहेरची आहे. गावच्या विहिरीवर तिला घागर बुडवता येत नाही. तुझ्या अंगणातल्या विहिरीवर येते. थोरला झाला तेव्हा तू तापानं महिनाभर पडून होतीस, दूध आटलं होतं, आणि तिनं त्याला अंगावर पाजलं. तेव्हापासून ती इथंच आहे. ती तुझी प्रार्थना ऐकते, गुडघे टेकते, पण उन्हाळ्यात धाकटीला ताप चढला तेव्हा तू अचानक खोलीत शिरलीस तर चुलीत मिरच्या आणि मीठ तडतडत होतं. दृष्ट काढत होती. तू तिला बोललीस. शांतपणे, पंतोजींच्या मराठीत, देवावरचा विश्वास आणि अंधविश्वास यांतला फरक समजावून सांगितलास. ती "व्हय मडमसाब" म्हणाली. त्यानंतर तिनं तुझ्यादेखत कधी काही केलं नाही.

तुझी श्रद्धा मला परकी आहे, आणि इथल्या लोकांचे देव खोटे आहेत हे तू किती सहज धरून चालतेस ते मला बोचतं. तरी त्या गेटाशी बसलेल्या माणसांचं गळू तू हातानं धुतेस, आणि ज्यांच्या सावलीला गाव बाजूला होतं त्यांच्या पोरींना तू ओट्यावर बसवून अक्षरं शिकवतेस. हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच बाईचं आहे.

संध्याकाळी तू ते बूट आयाकडं नेतेस. धाकट्या दोघींना ते मोठे होतील तेव्हा होतील, तोवर चामडं वाळून तडकेल. "तुझ्या नात्यात कुणा मुलाला होतील का?" असं तू विचारतेस.

ती बूट हातात घेते, तळ दाबून बघते, पुन्हा तुझ्या हातात देते. "माझ्या पोराला झालं असतं. पर तो गावातनं पायात असलं घालून चालला तर मारत्याल त्याला."

तुझ्या पोराला?

तिला मूल होतं हे तुला ठाऊक होतं. दूध होतं म्हणजे मूल असणारच. ते जिवंत आहे का, कुठं आहे, कुणाजवळ आहे, हे तू सात वर्षांत विचारलं नाहीस. ते तुझ्या थोरल्याहून महिनाभरानं मोठं आहे. तिच्या आईजवळ, गोदावरीकडच्या गावात. वर्षातून दोनदा ती चालत जाऊन बघून येते. तू ज्या सुट्टीला ‘गावचं काम’ म्हणत आलीस ती ही.

"वळखतो का तुला?" तुझ्या तोंडून ‘ओळखतो’ न येता हे येतं. तिचा शब्द.

"आधी न्हाई वळखत," ती म्हणते. "मग सांजच्याला जवळ येतो."

*

आता चौदा महिने पुढं चल. जानेवारी १८५४.

थोरला आठ वर्षं पुरी करून नवव्यात गेलाय आणि त्याला ‘घरी’ पाठवायचं ठरलंय. हा शब्द नीट ऐक. होम. तुमच्या पत्रांत, प्रार्थनांत, जेवणाच्या मेजावर तो सारखा येतो. थोरल्यानं ते घर कधी पाहिलेलं नाही. त्याला भुईकोट किल्ल्याच्या खंदकापर्यंतचा रस्ता माहीत आहे, खापरी नळाचं पाणी कुठून येतं ते माहीत आहे, कुठल्या चिंचेखाली भूत असतं तेही. तरीही घर तिकडं.

ठाण्यावरची सगळी कुटुंबं असंच करतात. मूल सात-आठ वर्षांचं झालं की इथं त्याच्यासाठी शाळा नाही. हवा बाधते. आणि एक कारण बैठकीत मोठ्यानं बोललं जातं: मुलं नोकरांची भाषा आणि नोकरांचे संस्कार उचलतात. मुलांना मराठीपासून लांब ठेवा, असा सल्ला तुला आल्या वर्षीच मिळाला होता. ज्या भाषेत देवाचं वचन सांगायला तुम्ही अर्धं जग ओलांडून आलात, तीच भाषा स्वतःच्या मुलाच्या तोंडी आली की भीती वाटते. तू याच्यावर रात्री विचार केलास आणि तुला उत्तर सापडलं नाही. परतणारं एक मिशनरी कुटुंब त्याला बरोबर नेणार आहे. बॉस्टनला तुझी बहीण उतरवून घेईल. बोर्ड थोडा भत्ता देतं. तू मात्र इथंच राहायचं, कारण धाकट्या दोघी आहेत, शाळा आहे, नवरा आहे, आणि कुंपणाच्या कडेला लिंबाखाली ती चौथी लहान जागा आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री मागच्या अंगणातून मिरच्यांचा ठसका येतो. तू अंथरुणात उठून बसतेस. मग पुन्हा आडवी होतेस.

बैलगाडीनं शिरूर, पुणे, मग खंडाळ्याचा घाट उतरून पनवेल, आणि पनवेलहून मचव्यानं मुंबई. थोरला सबंध वाट गाडीवानाशी गप्पा मारतो. मुंबईत त्याला एकच गोष्ट बघायची आहे. गेल्या एप्रिलात बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी सुरू झालीय. तू त्याला घेऊन जातेस. इंजिन वाफ सोडतं तेव्हा तो तुझ्या घागऱ्यात तोंड लपवतो आणि लगेच बाहेर काढतो. त्याचं हसू बघून ठेव. पुढची कित्येक वर्षं तुला ते आठवणीतूनच काढावं लागणार आहे.

दुसरी गोष्ट तू त्याला दाखवतेस ती तुझी. मुंबईत बर्फघर आहे. न्यू इंग्लंडमधली तळी हिवाळ्यात गोठली की माणसं करवतीनं बर्फाचे चिरे कापतात, लाकडाच्या भुशात रचून जहाजात भरतात, आणि विषुववृत्त दोनदा ओलांडून तो बर्फ मुंबईत उतरतो. वाटेत बराच वितळतो, उरतो तो विकला जातो. तुझ्या बापाच्या शेताजवळच्या तळ्यावर तू मुलगी असताना घसरगुंडी खेळलीस. तू पैसे मोजून एक तुकडा घेतेस, फडक्यातून काढून थोरल्याच्या तळहातावर ठेवतेस. "हे तुझ्या देशाचं पाणी," असं तुला सांगायचं असतं.

"आई, भाजलं!" तो ओरडतो आणि तुकडा टाकून देतो.

दगडी फरशीवर तो हळूहळू लहान होत जातो. थोरला उकिडवा बसून बोटानं त्याला ढकलतो. थंड लागल्याला मराठीत काय म्हणतात ते त्याला कळत नाही असं नाही. इतकं थंड त्याला कधी लागलेलंच नाही.

जहाज सुटतानाचं मी तुला सांगणार नाही. तू तिथं आहेस, तुला दिसतंय.

*

त्याच वर्षी मुंबईहून आणखी एक अमेरिकन आई निघाली. हॅना ह्यूम. तिचा नवरा रॉबर्ट विल्सन ह्यूम हा मुंबईत ज्ञानोदयाचं काम पाहत असे. १८४२ साली नगरला सुरू झालेलं आणि पुढं मुंबईला हललेलं तुमच्या मिशनचं हे नियतकालिक तुझ्याही मेजावर येतं. तो आजारी पडला म्हणून सगळं कुटुंब जहाजावर चढलं आणि वाटेत समुद्रावरच तो गेला. ती मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्सला पोचली. भायखळ्याला जन्मलेला तिचा मुलगा रॉबर्ट तेव्हा सात वर्षांचा होता, तुझ्या थोरल्याच्याच आसपासचा. तो तिकडं वाढला, १८६८ ला येलमधून पदवीधर झाला आणि १८७४ साली बायकोला घेऊन नगरला परत आला. पुढची पन्नासेक वर्षं तो इथंच होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या गोष्टीत जे ह्यूमसाहेब भेटतात, ते हेच. लहानपणी ऐकलेली भाषा इतक्या वर्षांनी परत येताना कशी येते, कानातून की जिभेतून, हे मला त्यांना विचारायला फार आवडलं असतं.

आणि आणखी पुढं, १९०१ च्या जुलैत, कोडाईकनालच्या थंड डोंगरावर मिशनरींच्या मुलांसाठी एक शाळा उघडली, तेरा मुलांची. समुद्रापलीकडचं अंतर रेल्वेच्या अंतरावर आलं. मुलं निदान सुट्टीला आईबापांकडं येऊ लागली. मुलांच्या आया उन्हाळ्यात डोंगर चढून जाऊ लागल्या. तुझ्या वेळी ते नव्हतं. तुला एवढंच सांगते, की त्या शाळेमागं तुझ्यासारख्या दोन-तीन पिढ्यांची रडून झालेली पत्रं आहेत.

पत्रांचं हे असं असतं: तू विचारतेस, पुढचे दात आले का. ते वाचणारा मुलगा सहा महिन्यांनी लिहितो, आले. तोवर तू पुढचं काही विचारलेलं असतंस. तुमचं बोलणं कधीच एका वेळेत भेटत नाही. पहिल्या वर्षी त्याच्या पत्रांत नगरची नावं असतात. कुत्रं कसं आहे, गाडीवान काय करतो, आया कशी आहे. दुसऱ्या वर्षी बर्फावरची घसरगाडी. तिसऱ्या वर्षी अक्षर सुरेख वळणदार होतं आणि तो ‘आदरणीय आई’ असं लिहायला लागतो.

आणि मार्च १८५६. उन्हं तापायला लागली आहेत. डाकवाला जाड पाकीट देतो. तुझ्या बहिणीचं पत्र, थोरल्याचं अर्ध्या पानाचं पत्र, आणि चारदा दुमडलेला एक कागद. तू तो जमिनीवर उलगडतेस.

पायाची रेघ. शिसपेन्सिलीची, अंगठ्यापाशी जरा हललेली. बहिणीनं खाली लिहिलंय: तू पूर्वी हे पाठवायचीस ते आठवलं.

तू आपला बूट काढतेस. मोजा काढतेस. दार लोटून घेतेस आणि अनवाणी पाय त्या रेघेवर ठेवतेस. तुझ्या पायाची बोटं रेघेच्या आत राहतात.

दार ढकलून आया आत येते, धाकटीचे कपडे हातात घेऊन. तुझा उघडा पाय बघून ती थबकते, मग कागद बघते. काही विचारत नाही. कपडे खाली ठेवून वाकते आणि रेघेवरून बोट फिरवत नेते, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, सावकाश.

"केवढा झाला," ती म्हणते. मग जरा वेळानं, "माझाबी येवढाच असल."

"मागच्या खेपेला जवळ आला?"

"आला की. सकाळीच आला ह्या टायमाला."

ती दोन्ही तळवे त्या कागदावरून फिरवते, आपल्या कानशिलांवर नेते आणि कडाकडा बोटं मोडते. मग तिला एकदम तुझी आठवण होते आणि ती हात मागं घेते.

तू तिच्याकडं बघतेस. कागद थोडा तिच्या बाजूला सरकवतेस.

"पुन्हा काढ," तू म्हणतेस. "दोघांची."